इन्सुलिन बंद, वही चालू!

मित्रहो, 'बरं झालं' आणि 'बरं आहे' यात फरक किती? मराठीच्या पेपरात फक्त काळाचा. डायबेटिसमध्ये मात्र अख्ख्या आयुष्याचा!

विषय आपल्या भुऱ्याचा आहे. स्टाफ क्वार्टर्समधल्या काकूंचा हा बोका रोज संध्याकाळी मेसच्या मागे हजेरी लावतो. त्याला डायबेटिस आहे कळल्यावर आमच्या मजल्यावर हशा पिकला, "काहून बे, चहा पितो का तो?" पण मांजरांनाही शुगर होते, आणि ती बरीचशी माणसांच्या टाइप टू सारखी असते. लठ्ठ, नसबंदी केलेल्या, वय झालेल्या बोक्यांना जास्त. काकूंनी पाच महिने दर बारा तासांनी सुई टोचली. डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी करत आणला आणि तीन आठवड्यांपूर्वी बंद केला. लगेच होस्टेलने पार्टी जाहीर केली... बिस्किटांची! माझा विरोध या पार्टीला आहे.

आधी हे समजून घेऊ की झालं काय. रक्तात साखर सतत जास्त राहिली की तीच साखर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दाबून टाकते. बाहेरून इन्सुलिन दिलं, पिष्टमय खाणं तोडलं, की त्या पेशींना विश्रांती मिळते आणि काही मांजरांत त्या पुन्हा कामाला लागतात. यालाच रेमिशन म्हणतात. कुत्र्यांत हे क्वचितच होतं. पेशी कामाला लागल्यावरही सुई चालू ठेवली तर साखर एकदम खाली जाते. जनावर झोकांड्या खातं, झटके येतात, जीवही जातो. म्हणून बंद करणं बरोबरच होतं, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

आता खरी परीक्षा पुढे आहे. इन्सुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर नॉर्मल आणि लक्षणं गायब, तेव्हाच रेमिशन म्हणायचं. भुऱ्याचे तीनच झालेत! आणि त्यानंतरही काहींचा आजार उलटतो. म्हणून काकू कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त ग्लुकोमीटरवर घेतात आणि आकडा वहीत लिहितात. हे घरीच का? कारण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेच चढते. माणसांचा मीटर मांजराच्या रक्तात बरेचदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून एकाच मीटरवरचा चढउतार बघायचा आणि वही डॉक्टरांना दाखवायची. शिवाय वजन, पाणी किती प्यायला, लघवी किती वेळा, हेही. फ्रुक्टोसामिनच्या तपासणीतून मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते.

कोराडीत राहून हे आपल्याला कळू नये? इथल्या पॉवर स्टेशनमध्ये ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. संच मस्त चालतोय म्हणून कंट्रोल रूममधले मीटर कोणी काढून टाकतं का? कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण फीडबॅकवर दहा मार्कांचं उत्तर लिहितो, आणि मेसमागे तो फीडबॅक बिस्किटाने बिघडवतो.

कुणी म्हणेल, एका बोक्यासाठी एवढं? ठीक आहे, बोका बाजूला ठेवा, घरी बघा. "रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद!" असं म्हणणारे आजोबा, काका प्रत्येकाकडे आहेत. माणसांसाठी २०२१ मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली: औषध बंद करून निदान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तरच रेमिशन. आणि त्यानंतरही वर्षातून एकदा तरी तपासणी. टाइप वनवाल्यांना तर इन्सुलिन सोडायची सवलतच नाही. आपल्या मनाने गोळी सोडणं म्हणजे रेमिशन नाही, तो जुगार आहे.

काकूंनी पाच महिन्यांत एक गावाचा दौरा केला नाही, एक सुई चुकवली नाही. ती मेहनत आपल्या दोन रुपयांच्या लाडावर वाया जाऊ नये. तेव्हा भुऱ्या आला की डोक्यावरून हात फिरवा, गप्पा मारा, पण पोळी, दूध, बिस्किट काही नाही. तो बादलीतलं पाणी घटाघटा पिताना दिसला, पुन्हा वाळल्यासारखा वाटला, तर लगेच काकूंना सांगा. त्यांची वही क्वार्टरमध्ये आहे, पण भुऱ्याची संध्याकाळ आपल्याकडे जाते. तेवढं पान आपणच भरायचं!