जॉबकार्डावर सेक्टर लिहा

तपकीर गल्लीपासून हिंजवडीपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही दुरुस्तीच्या काउंटरवर ही तक्रार रोजची आहे: "५१२ची एसएसडी टाकली, दाखवतेय ४७६. बाकीची जागा गेली कुठे?" त्यावर आपले ठरलेले उत्तर असते: "सगळ्यांची असेच दाखवते." बहुतेक वेळा ते बरोबर असते, आणि धोकाही तिथेच आहे. ४७६ऐवजी ११८ दिसले, किंवा अख्खी ड्राइव्ह ८ एमबीची दिसली, तरी सवयीने तेच उत्तर दिले जाते. नाहीतर घाईघाईने फॉरमॅट मारला जातो. क्षमतेचा आकडा नीट वाचणे हा आपल्या कामाचा पाया आहे, म्हणून या अंकात त्याच विषयावर लिहीत आहोत.

आधी खरे उत्तर पाहू. ५१२ जीबीच्या प्रमाणित एसएसडीत १,००,०२,१५,२१६ सेक्टर असतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर ५१ हजार २११ कोटींवर बाइट होतात. कंपनी १०० कोटी बाइटना एक जीबी म्हणते, विंडोज १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटना. भागाकार करा, ४७६.९ येतात. दुसऱ्या मापासाठी आयईसीने १९९८ मध्ये 'गिबीबाइट' हे वेगळे नाव दिले, पण विंडोजने जुनेच नाव ठेवले. अ‍ॅपलने २००९च्या स्नो लेपर्डपासून कंपन्यांचे माप स्वीकारले, म्हणून तीच ड्राइव्ह मॅकवर ५१२ दिसते. या फरकावरून अमेरिकेत खटले झाले, आणि वेस्टर्न डिजिटलला २००६ मध्ये तर सीगेटला २००७ मध्ये ग्राहकांशी तडजोड करावी लागली. २४०चे २२३, २५६चे २३८, ४८०चे ४४७, ५००चे ४६५ आणि १ टीबीचे ९३१ एवढा तक्ता काउंटरमागे लावून ठेवा. दाखवलेला आकडा या तक्त्याशी जुळला नाही, की तपास सुरू करायचा.

आपल्याला दिसणारा आकडा एका ठिकाणाहून येत नाही. वेष्टनावर एक असतो, कंट्रोलर एक सांगतो, पार्टिशन टेबलात एक लिहिलेला असतो आणि फाइल सिस्टिम शेवटी आपला दाखवते. पार्टिशन टेबल हा सातबारा समजा आणि कंट्रोलरने सांगितलेले सेक्टर ही प्रत्यक्ष मोजणी. तंटा सोडवायला बसण्यापूर्वी ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवावी लागतात.

मोजणी बरोबर आणि सातबारा चुकीचा, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि तो निरुपद्रवी असतो. जुन्या १२८ जीबीवरून नव्या ५१२ जीबीवर क्लोन मारला, की सी ड्राइव्ह ११८च्या आसपास राहते आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३५७ जीबी अनअलोकेटेड दिसतात. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' मात्र फिकट असते, कारण सी आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेले असते. अनेक जण ते उडवतात आणि सी वाढवून लॅपटॉप देऊन टाकतात. पुढे कधी विंडोज बिघडले, की गिऱ्हाइकाला 'रीसेट' करता येत नाही. योग्य क्रम असा: रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट आधी बंद करा, पार्टिशन शेवटी सरकवा, सी वाढवा आणि रिकव्हरी पुन्हा चालू करून तपासा. ४ टीबीच्या ड्राइव्हवर २,०४८ जीबीच वापरता येत असतील तर ती एमबीआर पद्धतीची मर्यादा आहे, तिथे जीपीटी लागते. छोट्या कार्यालयात उबुंटू सर्व्हर टाकल्यावर मोठ्या डिस्कवरही रूट १०० जीबीचेच दिसत असेल, तर इन्स्टॉलरने बाकीची जागा एलव्हीएममध्ये राखून ठेवलेली असते. ड्राइव्हमध्ये दोष नसतो.

मोजणीच चुकली, तर हात आवरायचा. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह वीज अचानक गेल्यानंतर स्वतःला ८ एमबीच्या म्हणवू लागल्या. इंटेलने दोष मान्य केला आणि ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर दिले. नाव-गाव बदलून हेच लक्षण आजही टेबलावर येते. फायसनच्या एस११ कंट्रोलरची ड्राइव्ह स्वतःच्या ब्रँडऐवजी 'सॅटाफर्म एस११' असे नाव सांगते आणि क्षमता काही एमबी किंवा शून्य दाखवते. याचा अर्थ असा, की कुठला डेटा कोणत्या चिपवर कुठे ठेवला आहे याचा नकाशा कंट्रोलरला वाचता आलेला नाही आणि तो अपुऱ्या अवस्थेत उठला आहे. चिपमध्ये डेटा असू शकतो, पण नकाशा हरवलेला असतो. नकाशा लिहिला जात असताना वीज गेली तर हे घडू शकते, आणि स्वस्त ड्राइव्हमध्ये तेवढा क्षण तग धरायला कपॅसिटर नसतात. पुण्यात महावितरणच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद राहते हे सर्वांना ठाऊक आहे, तरी कित्येक कार्यालयांतल्या यूपीएसची बॅटरी मेलेली असते. तिची चौकशी करणे हासुद्धा दुरुस्तीचाच भाग आहे.

अशी ड्राइव्ह जोडल्यावर विंडोज 'इनिशियलाइझ करू का?' असे विचारू शकते. नाही म्हणा. हातोहात फिरणारी मास प्रॉडक्शन टूल्स चालवली तर ड्राइव्ह पुन्हा पूर्ण क्षमतेची दिसू शकते, पण नकाशा नव्याने लिहिला जातो आणि उरलासुरला डेटा कायमचा जातो. गिऱ्हाइकाला ड्राइव्ह परत मिळते आणि टॅलीचा वर्षभराचा हिशेब किंवा मुलीच्या पीएचडीचा प्रबंध जातो. वॉरंटीतही ड्राइव्ह बदलून मिळते, डेटा मिळत नाही. म्हणून "डेटा हवा आहे का?" हा पहिला प्रश्न. उत्तर होकारार्थी असेल तर वीज काढून ठेवा आणि काम रिकव्हरी करणाऱ्याकडे सोपवा.

तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा. ऑनलाइन बाजारात मातीमोल भावाने २ किंवा १६ टीबीच्या पोर्टेबल एसएसडी मिळतात. खोका उघडला की आत यूएसबीच्या पट्टीवर एखादे मायक्रोएसडी कार्ड चिकटवलेले सापडते. कंट्रोलरला मोठा आकडा सांगायला शिकवलेले असते, त्यामुळे विंडोजही तोच दाखवते. कॉपी शेवटपर्यंत बिनबोभाट होते आणि फाइलींची नावेही दिसतात, पण खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेले उघडत नाही. इथे कुठलाही दाखवलेला आकडा पुरावा ठरत नाही. संपूर्ण ड्राइव्ह लिहून परत वाचणे हीच कसोटी. जर्मनीच्या 'सीटी' मासिकाचे एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवरचे एफ३ हे काम फुकटात करतात. नव्या ड्राइव्हच्या आयुष्यातून एकदा लिहिण्याचा खर्च नगण्य असतो, तेव्हा संशयास्पद माल ही चाचणी केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही लॅपटॉपमधून निघणाऱ्या इंटेल ऑप्टेन एच१० या एकाच पट्टीवर दोन ड्राइव्ह असतात, उदाहरणार्थ एक ३२ जीबीच्या आसपासची आणि दुसरी ५१२ जीबीची. दुसऱ्या मदरबोर्डवर किंवा एनक्लोजरमध्ये दोनपैकी एकच दिसू शकते. अशी पट्टी बिघडलेली समजून भंगारात टाकू नका.

या सगळ्यातून करण्यासारखी गोष्ट एकच निघते, आणि तिला एक पैसा लागत नाही. आपल्या जॉबकार्डावर आज 'एसएसडी ५१२' एवढेच लिहिलेले असते. पुढे वाद झाला, तर त्या तीन आकड्यांनी दुकानदाराचे रक्षण होत नाही आणि गिऱ्हाइकाचेही नाही. ड्राइव्ह हातात घेताना तिचे मॉडेल, सिरियल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि कंट्रोलरने सांगितलेले एकूण सेक्टर लिहा. डेटा हवा की नको, यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. परत देताना तेच सेक्टर पुन्हा वाचून शेजारी लिहा. जुने लॅपटॉप नूतनीकरण करून विकणाऱ्यांनी ही नोंद बिलालाच जोडावी. या महिन्यापासून पुण्यातल्या प्रत्येक दुकानाने ही सवय लावून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.