पैसे दिले म्हणून प्रोग्राम तुमचा होत नाही

"पैसे आम्ही मोजले, तेव्हा सोर्स कोड आमचाच." हैदराबादेत बरकतपुऱ्यातला दवाखाना असो की काचीगुड्याचं दुकान, गिऱ्हाईक हे हक्काने सांगतं, आणि घरी बसून बिलिंगचा प्रोग्राम लिहिणारा आपला मराठी तरुण मुकाट्याने मान डोलावतो. त्याने ती डोलावू नये, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे.

१९५७चा कॉपीराइट कायदा प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा, हे कलम १७ सांगतं. पण सुटं काम घेणारा कुणाचा नोकर नसतो. त्याच्या कोडचा पहिला धनी तोच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९नुसार त्याच्या सहीचा कागद लागतो. फोनवरच्या होकाराने किंवा चुकत्या केलेल्या बिलाने हक्क जात नाही. सही केली, पण मुदत लिहिली नाही, तर कायदा पाचच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत.

"नोंदणी कुठंय?" हा दुसरा दरडावणीचा प्रश्न. २०१२च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने दाव्यासाठी नोंदणी आवश्यक मानली होती, हे खरं. पण २०२१मध्ये, खाद्यतेलाच्या वेष्टनावरून झालेल्या 'संजय सोया' खटल्यात, त्याच न्यायालयाने ती सक्तीची नाही असा निर्वाळा दिला. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते, जरूर करावी. हक्क मात्र लिहिताक्षणीच जन्मतो.

गिऱ्हाइकाची एक भीती रास्त आहे: लिहिणारा उद्या शहर सोडून गेला तर? त्यावर उपाय परवान्यात, म्हणजे वापराच्या लेखी परवानगीत आहे, मालकी उपटून घेण्यात नाही. अशा वेळी सोर्स कोड दुरुस्तीपुरता गिऱ्हाइकाला मिळेल, एवढं कलम परवान्यात घालता येतं.

आणि कोड नेटवर टाकला की तो सगळ्यांचा झाला, हेही खोटं. परवाना जोडला नसेल तर तो उचलून वापरायची मुभा कुणालाच नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट सर्वांना मोफत दिला, तोही ओपन फॉन्ट लायसन्सच्या अटींवर. औदार्यालाही लेखी अटी लागतात.

तेव्हा पुढचं काम घ्याल तेव्हा आगाऊ रक्कम हातात पडण्याआधी एक पान लिहा: कॉपीराइट कुणाचा, किती संगणकांवर चालेल, किती काळ, बदल कोण करणार. खाली दोघांच्या सह्या घ्या, तारखेसह.