दुरुस्ती की नवी घटना?

दुकानाची डागडुजी करण्यासाठी नेमलेल्या मुखत्याराने दुकानच पाडून दुसरे बांधले, तर राजारामपुरीतील कोणता व्यापारी ते मान्य करील? घटनेची दुरुस्ती व तिची समूळ फेररचना यांत हाच भेद आहे. कलम 368 अन्वये संसदेस घटना दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, तिची मूलभूत चौकट मोडण्याचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात 1973 साली सात विरुद्ध सहा मतांनी ठरविले. न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड तेव्हा सहांच्या पक्षात होते. पुढे 1976 सालच्या 42 व्या दुरुस्तीने संसदेने आपला हा अधिकार अमर्याद असल्याचे घटनेतच लिहिले. मिनर्व्हा मिल्स खटल्यात 1980 साली तो मजकूर रद्द करणारे मुख्य निकालपत्र याच चंद्रचुडांनी सरन्यायाधीश या नात्याने लिहिले! मर्यादित अधिकाराच्या बळावर तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, हे त्यातील तत्त्व होय.

कोणी म्हणतील, बहुमत हाच लोकांचा कौल. आमचे उत्तर असे की, मतदार पाच वर्षांचा कारभार सोपवितो, मालकी नव्हे. सबब ज्यांस नवी घटना हवी असेल, त्यांनी ती त्याच नावाने लोकांपुढे मांडावी. दुरुस्तीच्या पडद्याआडून आणू नये.