पाठीला भाव नाही

दोस्तांनो, कामगाराच्या शरीराचा भाव 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानं ठरवून टाकला. परिशिष्ट काढून बघा. अंगठा गेला, कमाईची ताकद 30 टक्के गेली. दोन्ही हात गेले, 100 टक्के. बोटं, पाय, डोळे, सगळ्यांचे आकडे छापलेत, खाटकाच्या पाटीसारखे. त्या पाटीवर पाठ नाही.

यादीत नाही म्हणून दावा बाद होत नाही. पण टक्के डॉक्टरकडून लिहून आणायचे आणि इजा कामावरच्या अपघातानं झाली हेही दाखवायचं. तारीख सांगा, साक्षीदार आणा. अरे, हमालाची पाठ काय एका तारखेला मोडते? वीस-वीस वर्षं पोती वाहून मणक्यातली गादी सरकते. मालक म्हणतो, वय झालं. त्याचा वकील म्हणतो, दुखणं जुनं आहे. जुनं आहेच! कुणाच्या गोदामात जुनं झालं ते बोला.

महाराष्ट्रात हमालांनी लढून 1969 चा माथाडी कायदा घेतला. नोंदणी आली, मंडळं आली. तरी नोंदीबाहेर राबणारे आजही आहेत. त्यांची हजेरी फक्त त्यांच्या पाठीवर लिहिलेली. जुन्या कायद्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आणली, तिच्याही यादीत पाठ नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. ओझ्याखाली गेलेली वर्षं हाच पुरावा धरा. दुखणं कामाचं नाही, हे मालकानं सिद्ध करावं. आणि भावांनो, तोवर उसण भरली की गप्प घरी जाऊ नका. त्याच दिवशी मुकादमाला लेखी द्या, दवाखान्याचा कागद जपा. ही भीक नाही, वसुली आहे.