कंपनी कोणतीही असो, आमच्या फीडरला जबाबदार अधिकारी द्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, वाशीम

विषय : वीजक्षेत्राच्या फेररचनेआधी वाशीम जिल्ह्यातील पुरवठ्याची जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांतील आम्ही वीजग्राहक, बहुतेक कृषिपंपधारक, हे निवेदन सादर करतो.

6 जून 2005 रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळे झाले. आता सौर प्रकल्पांचे विकासक आले आहेत, समांतर परवान्यांची चर्चा आहे. फेररचनेला आमचा सरसकट विरोध नाही. हरभरा फुलावर असताना ओलिताची एक पाळी हुकली, तर ती कोणामुळे हुकली याच्याशी पिकाला देणेघेणे नसते. आम्हाला मात्र कोणाला विचारायचे तेच कळत नाही, आणि मूळ तक्रार हीच आहे.

5 ऑक्टोबर 2024 रोजी आमच्याच जिल्ह्यातील पोहरादेवी येथून मा. पंतप्रधानांनी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधील एकूण 19 मेगावॅटचे राज्यातील पाच सौर प्रकल्प लोकार्पण केले. दिवसा विजेचे मोल आम्हाला कोणी सांगायला नको. रात्री मोटार सुरू करायला निघालेल्याला साप, रानडुक्कर आणि रोही यांची धास्ती असते. पण या प्रकल्पांची वीजही त्याच अकरा केव्हीच्या तारांवरून येते. लाइन बंद पडली की सुरक्षेसाठी इन्व्हर्टरही आपोआप थांबतो. ऊन डोक्यावर आणि मोटार बंद! म्हणून प्रत्येक सौर प्रकल्पाबरोबर त्या फीडरच्या तारा, खांब व उपकेंद्राच्या दुरुस्तीचा खर्च आणि मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

सर्वांत मोठे दुखणे डीपीचे, म्हणजे रोहित्राचे. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र 48 तासांत बदलावे, असे राज्य वीज नियामक आयोगाचे मानक आहे. हे तास कधीपासून मोजायचे यावरच वाद होतो, आणि रोहित्र आणायला ट्रॅक्टर गावाचा, डिझेलही गावाचे. आमचाही दोष आहे, तो लपवत नाही : ऑटोस्विच लावले, कॅपॅसिटर लावले नाहीत, त्यामुळे वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी बसते. कॅपॅसिटर आम्ही लावतो. शासनाने मोबाइलवर तक्रार नोंदताच वेळ मोजायला घ्यावी, आणि ऑक्टोबरपूर्वी प्रत्येक तालुक्यात राखीव रोहित्रे ठेवावीत.

उशिराच्या भरपाईची तरतूद विद्युत कायदा, 2003 च्या कलम 57 मध्ये आहे. भरपाई बिलातून वळती होते. पण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 मोफत वीज आहे. शून्य बिलातून काय वळते करणार? ती रक्कम अर्ज न मागता बँक खात्यात जमा करावी. वीज फुकट आहे म्हणून तक्रारीचा हक्क गेला, असे कोणी समजू नये.

खासगीकरणाबाबत एवढेच. 2011 मध्ये नागपूरच्या काही भागांत व औरंगाबादेत वीजवितरणाच्या खासगी फ्रँचायझी आल्या. औरंगाबादचे काम 2014 मध्ये, नागपूरचे 2019 मध्ये महावितरणकडे परत आले. तिथे निदान काम परत घ्यायला महावितरण तरी होते. आता समांतर परवान्यांमुळे मोठे उद्योग व शहरे दुसऱ्या परवानाधारकांकडे गेली, तर त्यांच्या दरातून आम्हाला मिळणारा आधार कोठून येणार? शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला 500 मेगावॅट वीज तयार होते. आमचा प्रश्न विजेच्या टंचाईपेक्षा तारांचा आणि जबाबदारीचा जास्त आहे. म्हणून कोणत्याही नव्या करारात वा विभाजनात कृषी फीडरसाठी आयोगाची मानके, दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आधी लिहावे.

रब्बीच्या पेरणीपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक लावावी. तीत पारेषण, वितरण आणि सौर प्रकल्पांचे प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसवावेत, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तर तो समोरच असेल.

आपले,
वाशीम जिल्ह्यातील कृषिपंपधारक व घरगुती वीजग्राहक