‘येऊ नका’ म्हणणारं शहर

१९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या महापालिकेने युगांडातल्या पेपरात चक्क जाहिरात दिली – तुमच्याच भल्यासाठी, आमच्या शहरात येऊ नका! तरी हजारो लोक तिथेच गेले. बायका कारखान्यांत राबल्या, दुकानं उभी राहिली. २०२१च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे ४३ टक्के, गोरे ४१ टक्के. बहुमत कुणाचंच नाही! सगळंच गोड आहे असं नाही; २०२२ मध्ये तिथे हिंदू-मुस्लिम तरुण आमनेसामने आलेच. पण मला ती जाहिरात राहून राहून आठवते. ‘बाहेरच्यांना खोली मिळणार नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा वेगळं काय सांगतो?