जुना कॅमेराही हातचा निसटतो आहे

नालासोपाऱ्यातील आमच्या तरुणाने फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा म्हटला की तो विरार लोकल पकडून फोर्टच्या बोरा बाजारात जातो. नव्या कॅमेऱ्याची ऐपत नसलेल्यांचे ते प्रवेशद्वार! पण काल ज्यांना कोणी विचारत नव्हते, ते छोटे डिजिटल कॅमेरेही आज श्रीमंतांच्या पोरांची हौस म्हणून महागले आहेत.

हे का झाले? जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कंपन्यांनी जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले. २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. मोबाईलने छोटा कॅमेरा मारला, कंपन्या महागड्या मिररलेसकडे वळल्या, निकॉनच्या डी ३५०० सारखे स्वस्त मॉडेल बंद झाले. जे नवे म्हणून विकलेच गेले नाही, ते जुने होऊन आमच्यापर्यंत येणार कसे? २०१९ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण तो दिलासा नव्याची ऐपत असणाऱ्यांना.

हा केवळ हौसेचा प्रश्न आहे काय? लग्ने आणि जयंतीच्या मिरवणुका यांवर कित्येक घरांची चूल पेटते, आणि लग्नाचे काम मोबाईलवाल्याला कोणी देत नाही. शिवाय ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण केले, तेव्हा २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला. आमच्या वस्तीची नोंद आमच्या पोरांनी कशाने ठेवायची?

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने बीजभांडवल योजनेत जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी स्पष्टपणे बसवावी, अशी आमची मागणी आहे.